उघडलेली वाट पुन्हा का बुजते?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'हृदयातील जाळी आणि ऑक्सिडीकरणाचा ताण' असे काहीसे जड नाव सांगून टाकले. पत्रके वाटली गेल्यावर भिगवण रस्त्याला एक वृद्ध स्नेही भेटले. ते म्हणाले, "डॉक्टर, हा प्राणवायूचा ताण म्हणजे २०२१ साली सिलिंडर मिळेनात, तोच ना?" आम्ही म्हणालो, "नाही. तो प्राणवायू न मिळाल्याचा ताण होता. आम्ही बोलणार आहोत तो प्राणवायू नको त्या ठिकाणी, नको त्या रूपात मोकाट सुटल्याचा." त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही. तेव्हा चालकांच्या संमतीने आम्ही नाव बदलले आणि साधा प्रश्नच मथळ्याला दिला. उघडलेली वाट पुन्हा का बुजते?

हा प्रश्नही खरे म्हणजे आमचा नव्हे. तो इंदापूर तालुक्यातील, कालव्याकाठच्या एका गावच्या शेतकऱ्याचा आहे. २००९ सालची गोष्ट. वय चोपन्न, पाच एकर ऊस, थोडी मधुमेहाची तक्रार, सकाळी दातांना मिश्री आणि दुपारी तंबाखूची चिमूट. छातीत दुखले म्हणून आम्ही त्यांना पुण्यास पाठविले. तेथे हृदयाच्या एका रोहिणीत मोठा अडथळा निघाला, फुगा फुगवून ती उघडण्यात आली आणि आत जाळी बसविली. ही जाळी साधी, बिनऔषधी होती; औषधाचा लेप असलेल्या जाळीची किंमत त्या काळी कारखान्याच्या पहिल्या हप्त्यात बसण्यासारखी नव्हती. गृहस्थ खडखडीत बरे होऊन परतले. आणि बरोबर पाच महिन्यांनी पुन्हा आमच्यासमोर येऊन बसले.

"डॉक्टरसाहेब, कालव्याचा भराव चढताना परत तसंच धराय लागलंय. जाळी टाकूनशान पाचच महिनं झालं. पैसं वाया गेलं का आमचं?"

बरोबर त्यांचे मेहुणे होते. ते जाणत्याच्या सुरात म्हणाले, "पाइपात परत गाळ बसला असंल दाजी. साफ कराय पाहिजे."

हा गाळाचा विचार आपल्या सर्वांच्याच मनात असतो. साखर कारखान्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की, रस आटविण्याच्या भांड्यांच्या नळ्यांत खपली धरते आणि ती ठराविक दिवसांनी घासून काढावी लागते. घरातल्या नळात क्षार बसतात. मग रक्ताच्या नळीतही तसेच काहीतरी बसत असले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रोहिणी म्हणजे नळ नव्हे. ती जिवंत आहे. तिला जखम होते आणि तिची जखम भरून येते. त्या गृहस्थांच्या जाळीत जे साचले होते ते बाहेरून वाहत आलेले काही नव्हते. ते त्यांच्याच रोहिणीने आतून वाढविलेले मांस होते. एवढे एक वाक्य आपण घरी घेऊन गेलात तरी आमचे येणे सार्थकी लागले.

थोडे मागे जाऊ. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग नावाच्या तरुण डॉक्टराने एका अडतीस वर्षांच्या माणसाच्या हृदयरोहिणीत बारीक नळी घातली, तिच्या टोकाचा फुगा फुगविला आणि छाती न उघडता अडथळा दूर केला. या फुग्यांचे पहिले नमुने त्याने आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर बनविले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तो पहिला रोगी नशीबवान निघाला. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही त्याची रोहिणी उघडी होती. पण पुढे हजारोंवर हा उपचार झाला, तसतसे ध्यानी आले की शंभरांतल्या तीस ते चाळीस जणांची वाट सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होते. सायकलची ट्यूब ताणून सोडली तर ती जशी मागे येते, तशी रोहिणीची भिंत काही अंशी लगेच मागे येते. पुढच्या काही महिन्यांत ती जखमेच्या वणाप्रमाणे आक्रसते. आणि तिसरे म्हणजे आतून मांस वाढते.

मागे येणारी भिंत धरून ठेवायची तर आत टेकू हवा. १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ येथे झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयरोहिणीत धातूचे असे टेकू प्रथम बसविले. हाच स्टेंट. आपल्याकडे कोणी त्याला जाळी म्हणतो, कोणी स्प्रिंग. (स्टेंट हे नाव एका इंग्रज दंतवैद्याचे. चार्ल्स स्टेंट एकोणिसाव्या शतकात दातांचे ठसे घेण्याचे मिश्रण तयार करीत असे. बिचाऱ्याचा हृदयाशी कधी संबंध आला नाही. नाव मात्र घरोघरच्या छातीत जाऊन बसले.) १९९४ साली युरोपातील एका मोठ्या चाचणीचा निकाल आला: नुसत्या फुग्यानंतर शंभरांत बत्तीस जणांची वाट पुन्हा बुजली, स्टेंटनंतर बावीस जणांची. सुधारणा खरी, पण बावीस हा आकडा काही लहान नव्हे.

आणि येथेच गंमत आहे. स्टेंटने मागे येणे थांबविले, आक्रसणे थांबविले. परंतु मांस वाढणे थांबविले नाही, उलट वाढविले. कारण धातूच्या तारा भिंतीत रुतलेल्या राहतात आणि जखम चिघळत राहते. जुना रोग हटला आणि उपायाच्याच पोटी नवा जन्मला.

बारामती-इंदापूरच्या माणसाला हे नवल वाटायला नको. एकोणिसाव्या शतकात नीरा डावा कालवा आला तो दुष्काळावरचा उपाय म्हणून. त्याने दुष्काळ हटविलाही. या भागाचे आजचे रूप कालव्याने दिलेले आहे. परंतु पाण्याबरोबर पाणथळ आली, काळ्या जमिनीत क्षार वर चढले, आणि चांगल्या जमिनी चोपण होऊन पडल्या. पाणी नसल्याने पडलेली जमीन आपल्या आजोबांना माहीत होती. पाण्याने पडलेली जमीन हा नवा रोग होता. म्हणून कालवा बुजवून टाकावा असे कोणी शहाण्याने म्हटले नाही. चर खणावे लागले, पाणी मोजून द्यावे लागले. स्टेंटच्या इतिहासात हे चर खणण्याचे काम कसे झाले, ते पुढे सांगतो. अगोदर क्षार वर का चढतात, ते पाहू.

रोहिणीच्या आतल्या बाजूला पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. ते इतके पातळ असते की डोळ्यांना दिसायचे नाही, पण त्याचा कारभार मोठा. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू अत्यल्प प्रमाणात सतत सोडीत असते. हा वायू रोहिणीला सैल ठेवतो, रक्तातील चक्रिकांना चिकटू देत नाही, आणि भिंतीतील स्नायूपेशींना 'जागच्या जागी बसा, वाढू नका' असे बजावीत असतो. या शोधांबद्दल १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. फुगा फुगतो तेव्हा हे अस्तर खरवडून निघते. पहारेकरी गेला. भिंत ताणली गेली, तारा रुतल्या, रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धावल्या. आता या सगळ्या चिडलेल्या पेशी सुपरऑक्साइड नावाचे द्रव्य तयार करू लागतात.

सुपरऑक्साइड म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेला प्राणवायू. तो स्वस्थ बसत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांत लुडबूड करतो. शरीर त्याला मुद्दाम तयार करते, कारण जंतू मारायला तो लागतो. त्याला आवरणारे एक विकरही शरीरात असते. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते १९६९ साली ओळखले. निर्माण होणारे जास्त आणि आवरणारे कमी झाले म्हणजे जी अवस्था येते तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणावयाचे. जखमी रोहिणीत नेमके हेच होते. सुपरऑक्साइडला नायट्रिक ऑक्साइड भेटला की दोघे तत्क्षणी एकत्र येऊन तिसरेच दाहक द्रव्य बनते. म्हणजे उरलासुरला पहारेकरीही गेला. शिवाय सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि ते थोड्या प्रमाणात स्नायूपेशींना वाढीचा इशारा देणारे ठरते. बांध फुटल्यावर हरळी जशी वावरात शिरते तशा या पेशी भिंतीच्या मधल्या थरातून आतल्या बाजूस सरकतात, वाढतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य पसरतात. तीन ते आठ महिन्यांत जाळीच्या आत नवी भिंत उभी राहते. मधुमेहात रक्तातील जादा साखर या सुपरऑक्साइडच्या उत्पादनाला आणखी चालना देते. मधुमेह्यांची जाळी इतरांहून अधिक वेळा बुजते, त्याचे हे एक कारण. एकमेव नव्हे, हे लक्षात असावे.

आता रसवंतीवर चला. उसाचा ताजा रस पेल्यात ठेवला तर थोड्या वेळात काळवंडतो. हवेतील प्राणवायू आणि रसातील विकर यांचे ते काम. रसवंतीवाला लिंबू पिळतो आणि रस बराच वेळ उजळ राहतो. लिंबात आंबटपणा आहे आणि क जीवनसत्त्व आहे. ते ऑक्सिडीकरण रोखते. मग रोहिणीतही लिंबू पिळावे, म्हणजे क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात, की झाले!

किती सरळ वाटते! आम्हांलाही वाटले होते. येथे एक कबुली द्यावयाची आहे. १९९८च्या सुमारास आमच्या चिठ्ठ्यांवर हृदयरोग्यांसाठी ई जीवनसत्त्वाची गोळी नेमाने लिहिलेली असे. कोणी आमच्यावर जबरदस्ती केली नव्हती. तर्क सुंदर होता, प्रयोगशाळेतील प्राण्यांवरचे निकाल आशादायक होते, गोळी निरुपद्रवी वाटत होती. लोकांनी दर महिन्याला पैसे मोजून ती घेतली. मग १९९९ साली इटलीतील, २००० साली कॅनडातील आणि २००२ साली इंग्लंडमधील मोठमोठ्या चाचण्यांचे निकाल आले. इंग्लंडच्या चाचणीत वीस हजारांहून अधिक माणसे होती. ई जीवनसत्त्वाने हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू टळल्याचे एकीतही दिसले नाही. आम्ही गोळी लिहिणे बंद केले. पण घेतलेले पैसे काही परत करता आले नाहीत.

जाळी आणि फुग्याबाबतची कथा तर अधिकच बोधक आहे. १९९७ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथून एक निकाल प्रसिद्ध झाला. फुग्याच्या उपचाराअगोदर महिनाभर आणि नंतर सहा महिने रोग्यांना चार प्रकारे औषधे दिली. प्रोब्यूकॉल नावाचे ऑक्सिडीकरणविरोधी औषध ज्यांना मिळाले त्यांच्यात शंभरांत सुमारे एकवीस ठिकाणी वाट बुजली. ज्यांना नुसती खोटी गोळी मिळाली त्यांच्यात एकोणचाळीस ठिकाणी. म्हणजे तर्कात तथ्य होते. परंतु ज्यांना जीवनसत्त्वे मिळाली त्यांच्यात चाळीस ठिकाणी! आणि प्रोब्यूकॉलबरोबर जीवनसत्त्वे दिली, तर एकवीसचे एकोणतीस झाले. जीवनसत्त्वांनी मदत तर केली नाहीच, बहुधा चांगल्या औषधाच्या पायात पाय घातला.

फॉलिक आम्ल आणि ब गटातील जीवनसत्त्वांची गोष्टही अशीच. २००१ साली स्वित्झर्लंडमधील चाचणीत त्यांनी वाट बुजणे निम्म्यावर आणले. सर्वत्र आनंद झाला. २००४ साली दुसऱ्या चाचणीत, स्टेंट बसविलेल्या रोग्यांत, त्याच गटाच्या जीवनसत्त्वांनी बुजणे वाढविले: गोळी न घेणाऱ्यांत शंभरांत साडेसव्वीस, घेणाऱ्यांत साडेचौतीस. पेशी वाढायला फॉलिक आम्ल लागते, आणि येथे नको त्या पेशी वाढत होत्या, हे निकालानंतर सर्वांनाच सुचले. निकालाआधी सुचले असते तर!

लिंबाचा दाखला कोठे चुकला? रसाच्या पेल्यात आपण लिंबू थेट पिळतो आणि ते सगळ्या रसात मिसळते. पोटात घेतलेली गोळी सगळ्या शरीरात पसरते, आणि सुपरऑक्साइड तर रोहिणीच्या भिंतीतील एकेका पेशीच्या आत, जागच्या जागी तयार होत असतो. तो नायट्रिक ऑक्साइडला ज्या वेगाने गाठतो त्या वेगाशी गोळीतील जीवनसत्त्वाला शर्यत लावता येत नाही. शिवाय पेला निर्जीव आहे. शरीर या द्रव्यांचा निरोप्यासारखा उपयोगही करीत असते, आणि सगळेच निरोपे मारून टाकणे हिताचे नसते.

तेव्हा उपाय असा हवा होता की, औषध थेट जखमेवर पडावे आणि वाढणाऱ्या पेशीलाच थोपवावे. हे औषध आले कोठून, ती हकीकत एखाद्या कादंबरीत शोभेल. प्रशांत महासागरात ईस्टर नावाचे एकाकी बेट आहे. तेथील लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४ साली निघालेली कॅनडाची एक वैद्यकीय तुकडी तेथून मातीचे नमुने घेऊन आली. मॉन्ट्रियलच्या एका औषधकंपनीत, पंजाबात जन्मलेले सुरेन सेहगल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी त्या मातीतील एका सूक्ष्म जीवापासून बुरशी मारणारे द्रव्य वेगळे केले आणि १९७५ साली ते जगापुढे मांडले. बेटावरून नाव पडले रापामायसिन. पुढे कंपनीने मॉन्ट्रियलचे काम गुंडाळले, तेव्हा सेहगलांनी तो सूक्ष्म जीव घरच्या शीतपेटीत जपून ठेवला, म्हणून तो वाचला. हे द्रव्य पेशींची वाढ थोपविते असे दिसून आले. १९९९ साली मूत्रपिंडारोपणासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राझीलमधील साओ पावलो येथे त्याचा लेप दिलेला स्टेंट माणसाला प्रथम बसविला गेला. २००२ सालच्या पहिल्या चाचणीत २३८ रोगी होते; साध्या जाळीच्या गटात शंभरांत सुमारे सत्तावीस वाटा बुजल्या, लेपाच्या जाळीच्या गटात एकही नाही. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत शून्य टिकला नाही. आज चांगल्या जाळीनंतर शंभरांत साधारण पाच ते दहा जणांना पुन्हा उपचार लागतो, असे धरावे. हेच ते चर खणणे.

पण चर खणताना एक बांध फुटला. जे औषध नको ती पेशी थोपविते, ते हवी ती पेशीही थोपविते. अस्तर लवकर परत येत नाही, तारा उघड्या राहतात, आणि उघड्या धातूवर रक्ताची गुठळी बसू शकते. २००६ साली बार्सिलोना येथील हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत यावरून मोठे वादळ उठले. पुढच्या जाळ्या अधिक बारीक तारांच्या झाल्या. तार आता जवळपास केसाएवढी आहे. धोका पुष्कळ घटला, पण संपला नाही.

येथे आमच्या श्रोत्यांनी जरा सावरून बसावे. वाट बुजणे आणि गुठळी होणे ही दोन निराळी संकटे आहेत. वाट हळूहळू बुजते. चढावर दम लागतो, छातीत धरते, माणसाला डॉक्टरकडे जायला वेळ मिळतो. गुठळी तासाभरात होते, आणि झटका येतो. रक्त पातळ करण्याच्या म्हणून ज्या दोन गोळ्या देतात त्या वाट बुजू नये म्हणून नव्हेत, गुठळी होऊ नये म्हणून आहेत. झटका येऊन जाळी टाकली असेल तर त्या दोन्ही साधारणतः वर्षभर, एरवी सहा महिने, आणि मग त्यांतली एक पुढे चालू. हा काळ कमीजास्त करायचा तो हृदयरोगतज्ज्ञाने. दात काढायचा आहे म्हणून, जत्रेला निघालो म्हणून, किंवा बरे वाटते आहे म्हणून रोग्याने परस्पर करायचा नाही. आमच्या पाहण्यात असे घडले आहे की, चाळीसएक वर्षांच्या एका माणसाने या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून तिसऱ्या महिन्यात बंद केल्या आणि त्याऐवजी अँटिऑक्सिडंटच्या भुकटीचा महागडा डबा सुरू केला. डबा अर्धाच संपला होता. त्याच्या घरी आम्ही तेराव्याला गेलो.

त्या इंदापूरच्या गृहस्थांकडे परत वळू. त्यांना पुन्हा पुण्यास पाठविले. आत बारीक तपासणी केल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. मांस तर वाढले होतेच, पण मुळात पहिली जाळी एका कडक जागी पूर्ण उमललीच नव्हती. वाट बुजण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि त्याला सुपरऑक्साइड जबाबदार नाही. शास्त्राच्या नादात साधी यांत्रिक गोष्ट नजरेआड होऊ नये, म्हणून मुद्दाम सांगितले. जोराचा फुगा मारून जुनी जाळी उघडली आणि तिच्यात लेपाची दुसरी बसविली. हल्ली अशा वेळी दुसरी जाळी न टाकता नुसता औषधाचा लेप असलेला फुगाही वापरतात.

त्या दुसऱ्या जाळीसाठी त्यांना एक बैलजोडी आणि मंडळींच्या पाटल्या विकाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध-किंमत प्राधिकरणाने साध्या जाळीची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि लेपाच्या जाळीची २९,६०० रुपये ठरविली; महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही हा उपचार होतो. आठ वर्षे आधी हे झाले असते तर पहिल्याच खेपेला लेपाची जाळी बसली असती, पाटल्याही राहिल्या असत्या. असो.

दुसऱ्या खेपेनंतर ते आले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता. "आता ह्या जाळीची गॅरंटी किती वर्साची?" आम्ही म्हणालो, "जाळी गंजत नाही, झिजत नाही. गॅरंटी विचारायची ती रोहिणीची. साखर किती, रक्तदाब किती, आणि मिश्री कधी सोडता?" ते हसले. मिश्री सुटायला दोन वर्षे लागली. तंबाखू त्याआधी सुटली. आज त्यांचे वय सत्तरीपार आहे. नाव न सांगण्याच्या अटीवर त्यांनी ही हकीकत सांगायला परवानगी दिली आहे.

बरोबर कागद आणा असे आम्ही पत्रकात छापले होते, त्यामुळे काहींनी पिशव्या आणलेल्या दिसतात. जाळी टाकल्यावर रुग्णालयातून एक लहान कार्ड मिळते. त्यावर तारीख, जाळीचा प्रकार आणि मापे असतात. ते कार्ड आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे वर काढून ठेवा. व्याख्यान संपल्यावर आम्ही खाली, डाव्या बाजूच्या टेबलाशी बसणार आहोत. ज्यांनी दोहोंपैकी एखादी गोळी आपणहून बंद केली असेल त्यांनी रांगेत पुढे यावे.